कारखान्याला जाण्याआधी एक थेंब रक्त



पोळा झाला, महालक्ष्म्या बसून उठल्या. आता दसरा तोंडावर आला. आपल्या मुखेड, कंधार, लोहा भागात आणि तिकडं जळकोट, अहमदपूरच्या डोंगरपट्ट्यात सध्या एकच बोलणं चालू आहे, कोण कोणत्या कारखान्याला चाललं. मुकादमाची उचल घरात आली, कुणाची खर्चूनही झाली. पत्र्याची पेटी, तवा, परात, दोन कोयते, लेकराचं अंथरूण, म्हातारीसाठी मागं ठेवायची ज्वारी, सगळ्याची जमवाजमव चालू आहे. आज आम्ही त्या बिऱ्हाडात आणखी एक कागद ठेवायला सांगणार आहोत. कागद लहान आहे, पण त्याच्यावर एका लेकराचा जन्मभराचा जीव अवलंबून असू शकतो.

तो कागद म्हणजे हिपॅटायटिस बी या काविळीच्या तपासणीचा.

आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या. आमचं काम वहीचं, बँकेचं, कर्जाचं. रक्त तपासणं हे आमचं काम नाही. पण गटाची वही बघताना एक गोष्ट सारखी दिसते. कर्ज कशासाठी घेतलं, या रकान्यात 'दवाखाना' हा शब्द सगळ्यात जास्त वेळा येतो. आणि कारखान्यावरून परत आल्यावर तर विचारूच नका. म्हणून मागच्या वर्षी, याच दिवसांत, आम्ही ठरवलं की बाया गावात आहेत तोवर त्यांची तपासणी करून घ्यायची. आशाताईला बोललो, सिस्टरला बोललो. डोंगरातल्या एका वाडीच्या समाजमंदिरात तपासणीचा दिवस ठरला. हिमोग्लोबिन, शुगर, बीपी आणि त्यासोबत ही काविळीची तपासणी.

त्या दिवशी एका पोरीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. आमच्याच एका गटातल्या बाईची सून. वय बावीस, सहावा महिना लागत होता. डोळे पांढरे स्वच्छ, अंगात ताप नाही, सकाळी शेतातून येऊन रांगेत उभी राहिलेली. तिची सासू आम्हाला म्हणाली, "ताई, हिला कुठं कावीळ हाय? डोळे तर बघा हिचे."

मैत्रिणींनो, इथंच आपली सगळ्यांची गफलत होते. आपण कावीळ डोळ्यात बघतो. पण कावीळ एक नाही. दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून होते ती वेगळी. तिच्यात डोळे पिवळे होतात, लघवी पिवळी होते, अन्नावरची वासना जाते आणि बहुतेक माणसं महिना-दीड महिन्यात बरी होतात. म्हणून तर आपल्याला वाटतं की माळ घातल्यानं उतरली, चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यानं उतरली. खरं तर ती बहुतेकांची आपली आपणच उतरणार असते. त्या माळेनं अपाय नाही, पण तिच्या भरवशावर दवाखाना टाळला तर अपाय आहे.

हिपॅटायटिस बी ही दुसऱ्या जातीची कावीळ. आपल्याकडं कुणी तिला पांढरी कावीळ म्हणतं. तिचा विषाणू रक्तातून पसरतो आणि यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जाऊन बसतो. बऱ्याच जणांना कसलाच त्रास होत नाही. वीस-तीस वर्षं माणूस कोयता चालवतो, लग्नकार्य करतो आणि मग एक दिवस पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, नाहीतर लिव्हरचा कॅन्सर निघतो. तेव्हा डॉक्टर विचारतात, आधी कधी तपासलं होतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही. म्हणजे हा कुणा एकीच्या कर्माचा भोग नाही आणि कुणा एका जातीचा, वस्तीचा तर नाहीच.

आता तो पसरतो कसा, हे नीट ऐका. बाधा असलेल्या आईकडून बाळंतपणाच्या वेळी बाळाला. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर. तपासणी न केलेलं रक्त चढवलं तर. नवरा-बायकोच्या संबंधातून. एकाच ब्लेडनं दोघांची दाढी केली तर. गोंदवणाऱ्याची सुई न बदलता दहा जणींच्या हातावर फिरली तर. जत्रा माळेगावची असो की दुसरी कुठली, गोंदून घ्यायचंच असेल तर नवी सुई आपल्यासमोर काढायला लावा, नाहीतर हात मागं घ्या. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून दुसऱ्याचं ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश वापरायचा नाही. फडात कोयता लागला तर जखम धुऊन कोरड्या फडक्यानं बांधायची, आणि ते फडकं दुसऱ्या कुणाच्या जखमेला लावायचं नाही.

आणि फडावर सुई टोचायला येणारा माणूस. गाडीवर येतो, पिशवीत बाटल्या, एकच सुई, अंगदुखीला इंजेक्शन, तापाला इंजेक्शन. आपणही म्हणतो, गोळी नको, सुईच द्या, म्हणजे उद्या फडात उभं राहता येईल. गुजरातमध्ये मोडासा म्हणून गाव आहे. तिथं २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळं हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली. तेव्हा सुई घ्यायचीच असेल तर बंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. ते सांगायला लाजू नका. बाजारात वांगी घेताना आपण उलटून पालटून बघतोच की.

हा विषाणू कशानं पसरत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. एका ताटात जेवल्यानं नाही. तिनं थापलेली भाकरी खाल्ल्यानं नाही. एका घागरीचं पाणी प्यायल्यानं नाही. शेजारी झोपल्यानं, लेकरू कडेवर घेतल्यानं, शिंकल्या-खोकल्यानं नाही. हे आम्ही मुद्दाम सावकाश सांगतोय, कारण आमच्याकडून एक चूक झाली होती. ती पुढं सांगतो.

आधी तपासणी कशी असते ते सांगतो. भीती वाटण्यासारखं त्यात काही नाही. बोटाच्या टोकाला सुई टोचतात. ही सुई नवी, एकदाच वापरायची. रक्ताचे एक-दोन थेंब एका प्लास्टिकच्या पट्टीवर टाकतात, वर औषधाचे थेंब टाकतात. गरोदरपणाची घरगुती तपासणी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल, दिसायला तशीच. पंधरा-वीस मिनिटांत निकाल. सोबत मशीन लागत नाही, लाइट लागत नाही, म्हणून ती वाडी-तांड्यावर करता येते. जो माणूस दोन दिवसांनी ट्रकमध्ये बसून निघून जाणार आहे, त्याला 'आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला ये' सांगून काय उपयोग? आपल्यासारख्या फिरस्त्या कामकऱ्यांना हीच तपासणी परवडते, ती याच्यासाठी.

पट्टीवर दोन जागा असतात, 'सी' आणि 'टी'. 'सी'ची रेघ आलीच पाहिजे. ती आली म्हणजे पट्टी चांगली आहे. ती आलीच नाही तर पट्टी खराब, पुन्हा दुसरी लावायची. नुसती 'सी'ची एकच रेघ आली, तर विषाणू सापडला नाही. 'सी' आणि 'टी' दोन्ही आल्या, तर विषाणू असण्याची शक्यता आहे. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची. पट्टी उन्हात, गाडीच्या टपावर ठेवली तर बिघडू शकते, म्हणून आमच्या शिबिरात सिस्टर डबा सावलीत ठेवायला सांगत होत्या.

आणि एक. एक रेघ आली म्हणजे जन्मभराची सुटका झाली असं नाही. विषाणू अंगात शिरल्यावर पट्टीत दिसायला काही आठवडे लागू शकतात. तसंच दोन रेघा आल्या म्हणजे सगळं संपलं असंही नाही. पट्टी फक्त दार वाजवते. पुढची तपासणी मोठ्या दवाखान्यात होते.

आता आमची चूक.

त्या दिवशी समाजमंदिरात पंचवीस-तीस बाया बसलेल्या. निकाल आला तशी आम्ही त्या पोरीला बाजूला बोलावलं. तिच्या एकटीलाच. बाकीच्यांना हाका मारून कागद दिले, तिला मात्र मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं. आम्हाला वाटलं आम्ही फार जपून केलं. बाहेर आलो तर सगळ्या बाया आमच्या तोंडाकडं बघत होत्या. संध्याकाळपर्यंत वाडीत झालं की तिला एड्स आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या जावेनं तिला परातीला हात लावू दिला नाही. टोळीतल्या दोघी मुकादमाला म्हणाल्या, हिची कोपी आमच्या शेजारी नको.

ती पोरगी चार दिवसांनी आमच्याकडं आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, आजार पट्टीनं सांगितला, पण गावाला तुम्ही सांगितलं." त्याच्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. आशाताई सोबत होती. सासूबाईंनी चहा ठेवला, तर आम्ही म्हणालो, आत्याबाई, तुमच्या सुनेच्या हातचा घेऊ. तिनं केला, आम्ही चौघींनी तिच्याच उष्ट्या कपात ओतून प्यायला. जाऊ दारात उभी राहून बघत होती. त्या आठवड्याची गटाची बैठक आम्ही त्यांच्या ओसरीवर घेतली. आजार कुणाला आहे हे बोललोच नाही. कशानं पसरत नाही, तेवढंच पुन्हा पुन्हा बोललो. वातावरण एका दिवसात बदललं नाही. पण परात तिच्या हातात परत आली.

आता आमच्या तपासणीत प्रत्येक बाईला, एक रेघ असो की दोन, एकेकटीला आत बोलावून सारखाच वेळ बसवतात. कागद घडी घालून तिच्याच हातात. नवऱ्याच्या नाही, सासूच्या नाही, आमच्याही नाही. आणि मुकादमाला तर निकाल मागायचा काहीच हक्क नाही. कुणी विचारलंच तर तपासणी झाली एवढं सांगा. तपासणीही बाईच्या मनानं, तिला समजावून, तिनं हो म्हटलं तरच.

पुढं त्या पोरीचं काय झालं? आशाताई तिला आणि तिच्या नवऱ्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. आपल्या देशात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात या आजाराची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. ज्या शास्त्रज्ञानं हा विषाणू शोधला त्या बारूक ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय ही आपली मोठी ठिकाणं. जायच्या आधी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून, चिठ्ठी घेऊन गेलात तर हेलपाटा वाचतो.

तिथं तिचं रक्त पुन्हा तपासलं, लिव्हर कसं चाललंय ते बघितलं, आणि विषाणू किती प्रमाणात आहे ती मोजणी केली. विषाणू सापडलेल्या प्रत्येकाला लगेच औषध लागतंच असं नाही. कुणाला फक्त ठरावीक महिन्यांनी तपासत राहायचं असतं. ज्याला लागतं त्याला रोज एक गोळी. ती विषाणू पुरता काढून टाकत नाही, पण दाबून ठेवते, लिव्हर वाचवते. ती मनानं बंद करायची नाही. आणि लिव्हरला विषाणू लागलेला असताना वरून दारू म्हणजे आगीत रॉकेल. हे नवरेमंडळींनी ऐकावं.

तिच्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त निघालं. डॉक्टरांनी सातव्या महिन्यापासून गोळी घ्यायला सांगितली, बाळाला लागण होऊ नये म्हणून. आणि दुसरं सांगितलं, बाळंतपण दवाखान्यातच, आणि बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस.

या चोवीस तासांचं कारण समजून घ्या. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त जणांचं शरीर विषाणूला हुसकून लावतं. पण जन्मताना बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात तो कायमचा घर करतो. म्हणून पहिली लस चोवीस तासांत, जितकी लवकर तितकी बरी. आईला बाधा असेल तर त्यासोबत तयार प्रतिकारशक्तीचं एक वेगळं इंजेक्शनही देतात. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पाच रोगांची लस देतात, तिच्यातही ही लस असते. हे सगळं वेळेवर झालं तर बहुतेक बाळं वाचतात. आणि आईनं अंगावर पाजायला हरकत नाही. दूध तोडू नका.

आता अडचण बघा. तिची तारीख जानेवारीची. ऐन हंगाम. उचल घेतलेली एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांची. ती मागं राहिली तर अर्धा कोयता, आणि उचल अंगावर. आम्ही म्हणालो, राहा. गटाकडून थोडं कर्ज देऊ. घरात दोन रात्री बोलणी झाली. शेवटी ती गेलीच. मैत्रिणींनो, आम्हाला ते आवडलं नाही. पण तिच्या घरातल्या कर्जाचा आकडा आम्हाला वहीतून माहीत होता, म्हणून तिला बोल लावायलाही आमची जीभ उचलली नाही.

मग जाताना जे करता येईल ते केलं. गोळ्या सोबत दिल्या. माता-बाल कार्डाच्या आत चिठ्ठी ठेवली, त्याच्यावर डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं, आईला हिपॅटायटिस बी आहे, बाळाला जन्मताच लस आणि इंजेक्शन द्यावं. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. त्या कागदाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईला गाठायचं आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं ते बघून ठेवायचं, हे नवऱ्याकडून वदवून घेतलं. मुकादमाला फक्त एवढं सांगितलं की जानेवारीत रात्री-बेरात्री गाडी लागेल. आजाराचं नाव सांगितलं नाही.

जानेवारीत एका पहाटे नवऱ्याचा फोन आला. "ताई, पोरगा झाला. सुई दिली. दोन्ही दिल्या." आम्ही विचारलं, किती वेळानं? तो म्हणाला, "उजाडायच्या आत." त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी कामाला लागताना किती वेळा डोळे पुसले, ते सांगत नाही.

दीड आणि अडीच महिन्यांची लस कारखान्याजवळच्या उपकेंद्रात झाली. पट्टा पडला, ती गावी आली, साडेतीन महिन्यांची इथं झाली. आता लेकरू आठ महिन्यांचं आहे, गुडघ्यावर रांगतं. त्याला लागण झाली की नाही, हे अजून कळायचं आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टर त्याचं रक्त तपासणार आहेत. म्हणजे पुढच्या महिन्यात, बिऱ्हाड हलायच्या आधी. यंदा ती आधी ती तपासणी करणार आणि मगच ट्रकमध्ये बसणार. हे तिनं स्वतः मुकादमाला सांगितलंय.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटानं काय करायचं?

पहिलं, दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत विषय घ्या. गटात, शेजारी कोण गरोदर आहे आणि कारखान्याला, वीटभट्टीला, हैदराबाद-पुण्याला कामाला चाललंय, तिला आशाताईकडं न्या. गरोदरपणात ही तपासणी मागून घ्या.

दुसरं, तपासणी सगळ्यांची सारखी, निकाल एकेकीच्या हातात. आमची चूक तुम्ही करू नका.

तिसरं, एखाद्याला बाधा निघाली तर नवरा किंवा बायको आणि लेकरं, सगळ्यांची तपासणी करा. नवऱ्याची लस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा. ज्यांना लागण नाही त्यांना लस घेता येते. मोठ्या माणसाचे तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आता आपलं पंचांग बघा. पट्टा पडून एप्रिलमध्ये गावी आलात की पहिला, मे महिन्यात दुसरा आणि ऑक्टोबरात निघायच्या आधी तिसरा. आपण गावात असतो तेवढ्यात बरोबर बसतो. एखादा डोस लांबला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घ्यायचा. मोठ्यांना लस कुठं आणि कशी मिळेल ते आरोग्य केंद्रात विचारा. पैसे लागलेच तर गटाचं अंतर्गत कर्ज याच्यासाठीही आहे.

चौथं, कागद पेटीत, फोटो मोबाइलमध्ये. कुठंही गेलात तरी सरकारी दवाखाना तुमचाच आहे. 'तुम्ही इथल्या नाहीत' असं कुणी म्हणालं तर ऐकून परत फिरू नका. काही अडलं तर १०४ नंबरला फोन लावा.

आपण बिऱ्हाड बांधताना मीठ-मिरचीसुद्धा मोजून घेतो, तिकडं महाग मिळतं म्हणून. हा कागदही तसाच इथूनच घेऊन जा.

आमच्या त्या लेकराचा निकाल चांगला यावा, एवढं तुम्हीही मनात म्हणा. आणि तुमच्या गावची तपासणी झाली की आम्हाला कळवा.